टंचाईच्या एरर: मेमरी, फाइल, डिस्क किंवा कनेक्शन संपले तर? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चुकीचे इनपुट येईल, नेटवर्क तुटेल, याचा विचार करून आपण कोड लिहितो. पण मागितलेली वस्तू 'शिल्लक नाही' असे ऑपरेटिंग सिस्टिमने सांगितले तर काय, याचा विचार बहुतेकांनी पहिल्यांदा केलेला असतो तो सर्व्हर आपटल्यानंतर. खालचे प्रश्न त्या आपटीनंतर विचारले जाणारे आहेत. उदाहरणे मुख्यतः लिनक्सची आहेत. तत्त्व इतरत्रही तेच, फक्त एररची नावे बदलतात.

टंचाई नेमकी कशाकशाची होते?

मेमरी आणि डिस्क सगळ्यांना आठवतात. त्याखेरीज फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला किंवा कनेक्शनला सिस्टिम देते तो क्रमांक), थ्रेड, प्रोसेस आयडी, आयनोड (डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची नोंद), बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी लागणारे पोर्ट, डेटाबेसची कनेक्शन, दुसऱ्याच्या एपीआयचा कोटा, हे सगळे मोजूनमापून मिळते. शिवाय एकाच वस्तूला अनेक मर्यादा असतात. मेमरीच घ्या: प्रोसेसची मर्यादा वेगळी, कंटेनरची वेगळी, मशीनची वेगळी, आणि जावा असेल तर हीपची (प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीची) आणखी वेगळी. ६४ जीबीच्या मशीनवर 'मेमरी संपली' अशी एरर येते तेव्हा निम्म्याहून जास्त मेमरी मोकळी पडलेली असू शकते. संपलेली असते ती कंटेनरच्या वाट्याची ५१२ एमबी. त्यामुळे काय संपले हे कळले तरी कुणाच्या वाट्याचे संपले हे शोधायचे उरतेच, आणि एररचा मेसेज ते क्वचितच सांगतो.

साध्या बगपेक्षा यात वेगळे काय?

साध्या बगमध्ये स्टॅक ट्रेस (एररपर्यंतच्या फंक्शन कॉलची यादी) जिथे बोट दाखवतो तिथे, नाहीतर आसपास, चूक सापडते. टंचाईत सापडत नाही. समजा, फोटो लहान करणारे एक मॉड्यूल आहे आणि खराब फोटो आला की ते फाइल बंद न करताच बाहेर पडते. रोज तीस-चाळीस फोटो खराब येतात, तेवढे डिस्क्रिप्टर लटकून राहतात. महिन्याभरात १०२४ची मर्यादा गाठली जाते आणि त्या क्षणी जो कुणी नवीन फाइल उघडायला येईल त्याच्या माथी एरर बसते. तो कदाचित टीएलएस सर्टिफिकेट वाचणारा कोड असेल. मग लॉगमध्ये दिसते 'सर्टिफिकेट वाचता आले नाही', आणि दोन दिवस सगळे मिळून सर्टिफिकेट तपासत बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

दुसरी अडचण याहून वाईट. एरर हाताळायलाही बहुधा तेच संसाधन लागते. मेमरी संपल्याचा मेसेज जुळवायला मेमरी लागते. डिस्क भरल्याचे लॉगमध्ये नोंदवायला डिस्कवर जागा लागते. त्यामुळे टंचाईत काय करायचे ते सुकाळातच ठरवून, त्यापुरते बाजूला काढून ठेवावे लागते. कॅच ब्लॉकमध्ये शिरल्यावर विचार सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

मॅलॉकने नल दिले का, हे तपासण्यात काही अर्थ आहे का?

आहे, पण तुम्हाला वाटते तेवढा नाही. (मॅलॉक म्हणजे सी भाषेत मेमरी मागण्याचे फंक्शन. मेमरी नसेल तर ते नल, म्हणजे रिकामा पत्ता, परत करते.) लिनक्स मेमरी मागताक्षणी देत नाही, देण्याचे कबूल करते. खरे पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) हातात पडते ते तुम्ही त्या पत्त्यावर पहिल्यांदा काही लिहिता तेव्हा. प्रोग्रॅम मागतात फार आणि वापरतात थोडे, म्हणून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करून मोकळे होते. याला ओव्हरकमिट म्हणतात. त्याच्या सेटिंगची तीन मूल्ये आहेत: ०, म्हणजे अंदाज घेऊन अगदीच अवाजवी मागणी तेवढी नाकारायची (मूळ सेटिंग हेच), १, म्हणजे मागेल त्याला हो म्हणायचे, आणि २, म्हणजे हिशेबाबाहेर कबूल करायचेच नाही.

शून्यावर काय होते ते पाहा. तुम्ही दोन जीबी मागितले, मॅलॉकने पत्ता दिला, तुम्ही नल तपासले, सगळे ठीक. दहा मिनिटांनी त्या मेमरीत लिहायला लागलात आणि मशीनकडे पानेच उरली नाहीत. आता नल परत करायला जागाच नाही, कारण तुम्ही फंक्शन कॉलमध्ये नाही, साध्या असाइनमेंटमध्ये आहात. अशा वेळी कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर प्रत्येक प्रोसेसचा गुणांक पाहतो आणि ज्याचा जास्त त्याला सिग्नल ९ पाठवतो. हा सिग्नल पकडता येत नाही. मरणारी प्रोसेस तुमचीच असेल असेही नाही. शेजारचा डेटाबेस जास्त मेमरी धरून बसला असेल तर तोच जाईल.

तरीही नल तपासा. एकतर कंपाइलर, लायब्ररी, छोटे डिव्हाइस, मर्यादा घातलेली प्रोसेस, अशा ठिकाणी नल खरोखर येते. दुसरे म्हणजे बाहेरून आलेल्या आकड्यावरून मेमरी मागत असाल (फाइलच्या हेडरमध्ये लिहिलेली लांबी, उदाहरणार्थ) तर एखादी बिघडलेली फाइल चार अब्ज बाइट मागायला लावू शकते. ती मागणी आधी आकार तपासून नाकारायची, मॅलॉकच्या भरवशावर सोडायची नाही.

प्रोसेस एक ओळही न लिहिता नाहीशी झाली. एक्झिट कोड १३७. हे काय?

१२८ अधिक ९. म्हणजे कुणीतरी सिग्नल ९ दिला, आणि बहुतेक वेळा तो 'कुणीतरी' ओओएम किलर असतो. कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे डीमेसेज कमांडने, मारलेल्या प्रोसेसचे नाव आणि तिने धरलेली मेमरी मिळते. तुमच्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये शोधू नका, तिथे काही मिळणार नाही.

जावातली आउटऑफमेमरीएरर पकडावी का?

माझे उत्तर: एक ठरावीक, मोठी मागणी नाकारायची असेल तर पकडा, एरवी प्रोसेस मरू द्या.

कारण असे. एखाद्या थ्रेडने मोठा अ‍ॅरे मागितला आणि मिळाला नाही, तर तो एक थ्रेड अडतो, बाकी जग शाबूत असते. पण हीप काठोकाठ भरलेला असताना एरर कुठल्याही थ्रेडमध्ये, कुठल्याही ओळीवर येते. एखादे लॉक घेऊन डेटा स्ट्रक्चर अर्धवट बदलत असताना आली, तर पकडल्यानंतर तुमच्याकडे चालू असलेला पण आतून विस्कटलेला प्रोग्रॅम उरतो. तो हेल्थ चेकला 'मी ठीक आहे' म्हणतो आणि निम्म्या विनंत्यांना चुकीची उत्तरे देतो. त्यापेक्षा मेलेला बरा. जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) एरर येताच बाहेर पड आणि जाताना हीप डंप (हीपची पूर्ण नक्कल) ठेव, असे सांगणारे दोन फ्लॅग आहेत, दोन्ही लावा. डंप पडेल तिथे डिस्कवर हीपएवढी जागा आहे ना, तेही बघा.

मेसेजची शेपटीही वाचा. 'जावा हीप स्पेस' वेगळे, 'जीसी ओव्हरहेड लिमिट' वेगळे (९८ टक्क्यांहून जास्त वेळ कचरा गोळा करण्यात जातो आहे आणि २ टक्क्यांहून कमी हीप मोकळा होतो आहे, असा त्याचा अर्थ). आणि 'अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड' असे लिहिले असेल तर बहुधा मेमरी संपलेलीच नसते, थ्रेडची मर्यादा संपलेली असते. तिथे हीप वाढवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. हीपला दिलेली मेमरी थ्रेडच्या स्टॅकच्या वाट्याची जाते.

इतर भाषांत काय? गो रनटाइमची मेमरी संपली की प्रोग्रॅम थेट संपतो, रिकव्हरने वाचवता येत नाही. रस्टही सहसा थांबते. मागणी फसली तर कळवा असे हवे असेल तर ट्राय-रिझर्व्ह आहे. सी प्लस प्लसमध्ये बॅड-अलॉक फेकले जाते. पायथॉनमध्ये मेमरीएरर येते, आली तर. लिनक्सवर बहुधा ओओएम किलर आधी पोचतो.

'टू मेनी ओपन फाइल्स' आले. मर्यादा वाढवून टाकू?

आधी मोजा, मग वाढवा. लिनक्सवर प्रत्येक प्रोसेसच्या प्रॉक डिरेक्टरीत एफडी नावाचे फोल्डर असते. त्यात उघडलेल्या प्रत्येक डिस्क्रिप्टरची नोंद दिसते. ती यादी दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा काढा. ग्राहक वाढले म्हणून सॉकेट वाढले असतील तर ती खरी गरज, मर्यादा वाढवा. एकाच फाइलचे नाव शंभरदा दिसत असेल तर ती गळती आहे, आणि मर्यादा वाढवून तुम्ही फक्त पुढच्या आपटीची तारीख ढकलली.

एरर कोडही बघा. २४ म्हणजे ईएमफाइल, तुमच्या प्रोसेसची मर्यादा संपली. २३ म्हणजे ईएनफाइल, अख्ख्या मशीनची संपली. दुसऱ्या प्रकारात तुमचा कोड निर्दोष असूनही तुम्ही अडकता. आणि जुन्या सिलेक्ट कॉलवर (अनेक कनेक्शनवर एकदम नजर ठेवणाऱ्या) चालणारा कोड असेल तर मर्यादा वाढवण्याआधी दोनदा विचार करा. त्याचा बिटमॅप १०२४ डिस्क्रिप्टरपुरताच असतो; १०२४ किंवा त्यापुढचा क्रमांक त्यात घातला की शेजारची मेमरी खराब होते. तिथे ती मर्यादाच तुमचे रक्षण करत होती.

आता सर्व्हर लिहिणाऱ्यांना हमखास चावणारा प्रकार. नवीन कनेक्शन आले, ॲक्सेप्ट केले, ईएमफाइल मिळाली. तुम्ही एरर लॉग केली आणि लूपच्या सुरुवातीला गेलात. पण ते कनेक्शन रांगेतून गेलेले नाही, तिथेच उभे आहे. ईपोल (कनेक्शनवर नजर ठेवणारी लिनक्सची सोय) लगेच पुन्हा सांगते, 'कनेक्शन आले आहे'. पुन्हा ॲक्सेप्ट, पुन्हा एरर. सीपीयू १०० टक्के, काम शून्य. माझ्याच एका सर्व्हिसमध्ये हे घडले होते आणि प्रत्येक फेरीला लॉगची एक ओळ पडत होती. सकाळपर्यंत त्या ओळींनी डिस्क भरली, अलर्ट आला तो 'डिस्क भरली' असा, आणि आम्ही अर्धा दिवस डिस्कच्याच मागे लागलो. डिस्क्रिप्टरचा विषय निघाला तो जेवणानंतर.

यावरचा जुना, थोडा विचित्र दिसणारा उपाय म्हणजे एक डिस्क्रिप्टर राखून ठेवणे. सुरुवातीलाच डेव्ह-नल (लिहिलेले सगळे गिळून टाकणारे खोटे डिव्हाइस) उघडून ठेवायचे. ईएमफाइल आली की ते बंद करायचे, मोकळ्या झालेल्या जागेत कनेक्शन स्वीकारायचे, लगेच तोडायचे, आणि डेव्ह-नल पुन्हा उघडायचे. समोरच्याला निदान स्पष्ट नकार मिळतो, रांग पुढे सरकते, लूप फिरत बसत नाही. अनेक थ्रेड एकाच वेळी ॲक्सेप्ट करत असतील तर मधल्या क्षणी दुसराच थ्रेड ती जागा पटकावू शकतो, तेवढे सांभाळा. आणि लॉगची ओळ सेकंदाला एकच.

फाइल डिलीट केली तरी डिस्क भरलेलीच. का?

कारण डिलीट केल्याने फक्त नाव जाते. कुठल्यातरी प्रोसेसने ती फाइल उघडून ठेवली असेल तर शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. वीस जीबीचा लॉग आरएमने उडवला आणि मोकळी जागा दाखवणाऱ्या डीएफचा आकडा हलला नाही, हा अनुभव बहुतेकांना एकदा येतो. एलएसओएफ कमांडने नाव नसलेल्या पण उघड्या फाइल दिसतात. चालू लॉग उडवण्याऐवजी त्याची लांबी शून्य करा. लिहिणाऱ्याने ती फाइल अपेंड मोडमध्ये उघडलेली असेल तर तो पुढे शून्यापासून लिहितो. अपेंड नसेल तर तो जुन्याच जागेपासून पुढे लिहील आणि एलएसला फाइल पुन्हा वीस जीबीची दिसेल, मधे पोकळ.

'जागा नाही' म्हणते, पण डीएफमध्ये जागा दिसते आहे. कोण खोटे बोलते?

कुणीच नाही. आयनोड संपले असतील: लाखो चिमुकल्या फाइल असल्या की जागा उरते पण नोंदी संपतात, डीएफला आय हा पर्याय देऊन बघा. ईएक्सटी४ वर ५ टक्के जागा मूळ सेटिंगनुसार रूटसाठी राखीव असते, ती साध्या युजरला मिळत नाही. कोटा असेल. आणि एक खास फसवे कारण: फाइलमधले बदल पाहणारे आयनोटिफाय. त्याच्या वॉचची मर्यादा संपली तरी हीच 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' एरर येते. डिस्कशी काडीचा संबंध नसताना!

डिस्क भरल्यावर सेटिंगची फाइलच रिकामी झाली. हे टाळायचे कसे?

तुम्ही जुनी फाइल लिहिण्यासाठी उघडलीत, उघडताक्षणी तिची लांबी शून्य झाली, आणि नवीन मजकूर लिहायला जागा मिळाली नाही. जुनेही गेले, नवेही नाही. क्रम असा ठेवा: त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहा, एफसिंक करा (लिहिलेले खरोखर डिस्कवर पोचवा), बंद करा, मग रिनेमने जुन्या नावावर आणा, आणि डिरेक्टरीवरही एफसिंक करा. मधे कुठेही जागा संपली तर जुनी फाइल जागेवर असते. तात्पुरती फाइल दुसऱ्या पार्टिशनवर ठेवू नका, रिनेम तिथून होत नाही.

प्रत्येक राइटचे उत्तर तपासा. राइट ४०९६ ऐवजी १२०० बाइट लिहून 'यशस्वी' म्हणून परत येऊ शकते. नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिममध्ये जागा संपल्याची एरर राइटला न येता क्लोजला किंवा एफसिंकला येऊ शकते, आणि क्लोजचे उत्तर सहसा कुणी तपासत नाही.

एफसिंक फसले तर पुन्हा एफसिंक करून बघू नका. पोस्टग्रेसच्या लोकांना २०१८ मध्ये हा धडा मिळाला: लिहिणे फसल्यावर कर्नल ती एरर एकदा सांगून पान 'स्वच्छ' मानत होते, त्यामुळे दुसरे एफसिंक 'यशस्वी' म्हणत होते आणि डेटा गेलेला असायचा. त्यांनी उपाय केला तो टोकाचा वाटेल, पण बरोबर आहे: एफसिंक फसले की डेटाबेस स्वतःच कोसळतो आणि वॉल लॉगवरून (बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदींवरून) पुन्हा उभा राहतो.

कनेक्शन पूल संपतो. पूल मोठा केला तर?

पूल म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या डेटाबेस कनेक्शनचा साठा. आधी एक गुणाकार करा. सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले एक विनंती कनेक्शन धरून ठेवते तो वेळ, एवढी कनेक्शन सरासरीने एकाच वेळी वापरात असतात. सेकंदाला २०० विनंत्या आणि प्रत्येकी ५० मिलिसेकंद असतील तर १०. तीच क्वेरी इंडेक्स गेल्यामुळे २ सेकंद घेऊ लागली तर ४००. ट्रॅफिक तेवढाच, पूल मात्र चाळीसपट हवा. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची आहे, मायएसक्यूएलची १५१. पूल ४०० केलात तर टंचाई तुमच्याकडून डेटाबेसकडे सरकेल, आणि आधीच दमलेला डेटाबेस आणखी हळू होईल. रोग क्वेरीचा, इलाज पूलवर.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे कनेक्शन हातात धरून भलतेच काम करणे: ट्रॅन्झॅक्शन उघडायचे, मग बाहेरच्या एपीआयला फोन लावल्यासारखे थांबून राहायचे, तो उत्तर देईल तेव्हा कमिट. आणि तिसरे, एका विनंतीने दोन कनेक्शन मागणे. दहांचा पूल, दहा विनंत्या, प्रत्येकीकडे एक कनेक्शन आणि दुसऱ्याची वाट. आता कुणीच हलणार नाही. पूलमधून कनेक्शन मागताना टाइमआउट असलाच पाहिजे, तो या कोंडीसाठी.

बाहेर कनेक्शन करताना 'पत्ता उपलब्ध नाही' अशी एरर येते. पत्ता तर बरोबर आहे.

स्थानिक पोर्ट संपले आहेत. लिनक्सवर मूळ सेटिंगमध्ये ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट यासाठी असतात, म्हणजे २८,२३२. बंद केलेले कनेक्शन 'टाइम-वेट' या थांबण्याच्या अवस्थेत ६० सेकंद पडून राहते. एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टला दर वेळी नवे कनेक्शन केलेत तर सेकंदाला साधारण ४७० नंतर तुम्ही अडचणीत. कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरा, कीप-अलाइव्ह लावा.

रिट्राय किती वेळा करू?

आधी विचारा, थांबल्याने ही वस्तू मोकळी होणार आहे का? पूल, एपीआयचा कोटा, क्षणिक गर्दी: हो. भरलेली डिस्क, डिस्क्रिप्टरची गळती: नाही, तिथे रिट्राय म्हणजे नुसते डोके आपटणे.

मोकळी होणार असेल तरी रिट्राय हे स्वतःच एक ओझे आहे. तीन थर असतील आणि प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करत असेल, तर वापरणाऱ्याच्या एका क्लिकमागे तळाच्या डेटाबेसवर २७ फेऱ्या होतात, आणि त्या नेमक्या तो मान टाकत असताना. दुष्काळात तेरावा महिना! रिट्राय एकाच थरात ठेवा. दर वेळी थांबण्याची मुदत दुप्पट करा (१००, २००, ४०० मिलिसेकंद), आणि त्या मुदतीच्या आत यादृच्छिक क्षण निवडा, म्हणजे एकाच वेळी पडलेले हजार क्लायंट एकाच वेळी परत येणार नाहीत. समोरून ४२९ ('फार विनंत्या') किंवा ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') सोबत रिट्राय-आफ्टर आले असेल तर तेवढे थांबा. ते लिहिणाऱ्याला त्याची परिस्थिती तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मधे रांग टाकली की प्रश्न सुटतो ना?

रांगेला कमाल लांबी असेल तर. नसेल तर तुम्ही सीपीयूची टंचाई मेमरीच्या टंचाईत बदलली. शिवाय रांगेत चाळीस सेकंद उभ्या असलेल्या विनंतीचा मालक केव्हाच ब्राउझर बंद करून गेलेला असतो. तिचे उत्तर तयार करणे हा शुद्ध अपव्यय. रांग भरली की लगेच नकार द्या.

कुणाला नकार द्यायचा, हे कसे ठरवायचे?

याचे सर्वांत देखणे उदाहरण २० जुलै १९६९चे आहे. अपोलो ११चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या कॉम्प्युटरने १२०२ अलार्म दिला. त्या कॉम्प्युटरमध्ये लिहिता येणारी मेमरी फक्त २०४८ शब्दांची. प्रत्येक कामाला त्यातला 'कोअर सेट' नावाचा छोटा तुकडा लागे, आणि १२०२चा अर्थ होता: मोकळा कोअर सेट उरलेला नाही. म्हणजे आपलीच ईनोमेम, लिनक्सची 'मेमरी नाही' ही एरर. रडारच्या जोडणीतून येणारे निरर्थक सिग्नल प्रोसेसरचा वेळ खात होते, त्यामुळे कामे वेळेत संपेनात आणि नवी साचत गेली. सॉफ्टवेअरने स्वतःला रीस्टार्ट केले, साचलेली कामे टाकून दिली, आणि इंजिन व दिशा सांभाळणारी कामे जिथे होती तिथून पुढे चालू केली. अलार्म पुन्हा पुन्हा आला, १२०१ही आला, यान उतरले.

लक्षात घेण्यासारखे हे की कुठले काम टाकायचे हा निर्णय त्या क्षणी झाला नाही. कामांचे अग्रक्रम आणि पुन्हा कुठून सुरू करायचे त्या जागा आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. तुमच्या सर्व्हिसमध्ये पैसे भरण्याची विनंती आणि 'तुम्हाला हेही आवडेल'ची विनंती एकाच पूलमधून जात असतील, तर टंचाईत दोघींना सारखाच नकार मिळेल. पूल वेगळे करा. आणि आत शिरायला, निदान करायला, स्वतःसाठी एक जागा राखा. पोस्टग्रेस ३ कनेक्शन सुपरयुजरसाठी याच कारणाने मागे ठेवते.

रीस्टार्ट केले की सगळे ठीक होते. मग एवढा खटाटोप कशाला?

टंचाई मेमरीतली असेल तर रीस्टार्टने जाते, काही दिवस. पण टंचाईचे कारण डिस्कवर बसलेले असेल तर? स्पिरिट ही बग्गी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली आणि १८व्या मंगळदिवशी तिच्याशी नीट बोलणे थांबले. फ्लॅशमध्ये फाइल इतक्या साचल्या होत्या की त्यांची यादी रॅममध्ये मावेना. मेमरी मिळाली नाही की रीसेट, आणि रीसेटनंतर पहिले काम काय, तर तीच फ्लॅश पुन्हा माउंट करणे. साठाहून जास्त वेळा ती रीबूट झाली. शेवटी पृथ्वीवरून 'फ्लॅशला हात न लावता सुरू हो' अशी आज्ञा देऊन तिला सावरले, फाइल काढल्या, फ्लॅश फॉरमॅट केली. बग्गी पुढे २०१० पर्यंत बोलत राहिली.

सुरू होताना तुमचा प्रोग्रॅम न संपलेली रांग, जुनी कॅशे किंवा मोठी फाइल वाचत असेल तर असा एक दरवाजा ठेवा: हे काहीही न वाचता सुरू होण्याचा.

मशीन वाढवली तर टंचाई कमी होईल ना?

नेहमी नाही. २५ नोव्हेंबर २०२०ला ॲमेझॉनच्या कायनेसिस सेवेत मोठा बिघाड झाला, तो क्षमता वाढवल्यामुळे. तिथला प्रत्येक फ्रंट-एंड सर्व्हर बाकीच्या प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड ठेवत असे. नवे सर्व्हर जोडले, प्रत्येक जुन्या सर्व्हरवर थ्रेड वाढले, आणि ऑपरेटिंग सिस्टिमची थ्रेडची मर्यादा सगळीकडे एकदमच ओलांडली गेली. हे त्यांनी स्वतःच नंतर जाहीर केले. पुढचा उपाय होता कमी पण मोठे सर्व्हर.

एररच्या मेसेजमध्ये काय असावे?

काय मागितले, किती मागितले, किती वापरात होते, मर्यादा किती आणि ती कुणी घातलेली. 'कनेक्शन मिळाले नाही' ऐवजी 'पूल रिपोर्ट्स: १० पैकी १० वापरात, ४३ रांगेत, ५ सेकंद थांबून सोडले' असे दिसले तर रात्री तीनला उठलेल्या माणसाचा अर्धा तास वाचतो. यासाठीचा बफर सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

हे सगळे टेस्ट कसे करायचे? मशीनची मेमरी मुद्दाम संपवायची?

गरज नाही. डिस्कसाठी डेव्ह-फुल आहे: लिनक्समधले हे खोटे डिव्हाइस प्रत्येक राइटला 'जागा नाही' असेच उत्तर देते. तुमच्या प्रोग्रॅमचे आउटपुट तिकडे वळवा आणि एक्झिट कोड बघा. शून्य आला तर तुमचा प्रोग्रॅम खोटे बोलतो आहे. डिस्क्रिप्टरसाठी युलिमिट कमांडने मर्यादा वीसवर आणा. पूलसाठी आकार एक ठेवून सगळ्या टेस्ट चालवा. दोन कनेक्शन मागणारा कोड लगेच अडकून पडतो.

मेमरीसाठी एसक्यूलाइट या डेटाबेसची पद्धत उचलण्यासारखी आहे. त्यांनी मॅलॉकच्या जागी स्वतःचे मॅलॉक बसवले आहे. टेस्ट चालवताना पहिली मागणी मुद्दाम फसवायची आणि प्रोग्रॅम नीट सावरतो का बघायचे. मग पुन्हा सुरुवातीपासून, या वेळी दुसरी मागणी फसवायची. मग तिसरी. एकही मागणी न फसता टेस्ट पूर्ण होईपर्यंत हे चालते. प्रत्येक एरर-मार्ग निदान एकदा तरी तुडवला जातो. आपल्या कोडमध्ये हे सगळीकडे परवडणार नाही, पण फाइल लिहिणाऱ्या एका मॉड्यूलवर करून बघा. पहिल्याच तासात काहीतरी हाती लागते.

अलर्ट किती टक्क्यांवर लावू?

टक्क्यांपेक्षा उतार बघा. वर्षभर ८५ टक्क्यांवर स्थिर असलेली डिस्क निरुपद्रवी असते, आणि काल ३० व आज ४५ टक्क्यांवर असलेली चार दिवसांत भरते. 'याच वेगाने किती तासांत संपेल' हा आकडा काढा आणि तो तुम्हाला दुरुस्तीला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी झाला की अलर्ट द्या. डिस्क्रिप्टर, थ्रेड आणि पूल यांचेही आलेख डिस्कच्या आलेखाशेजारी लावा. बहुतेक ठिकाणी मेमरी, सीपीयू आणि डिस्क एवढेच दिसत असते.